आरशाचे तीन स्क्रू

एका मालगुजारानं ब्रह्मपुरीच्या शाळेला आपली जुनी आरशाची दुर्बीण देऊन टाकली. तिच्यातून चांदणी पाहिली की पिंजलेल्या कापसासारखी दिसायची. भैयाजी मास्तरांनी दोन दिवस झटापट केली आणि तिला अडगळीत टाकलं.

शाळेचा चपराशी मुखरू मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी तिच्याजवळ बसू लागला. डोळा लावायची नळी काढून तो त्या भोकातून आत बघायचा. तळाच्या मोठ्या आरशामागं तीन स्क्रू होते. एक पिळला की आतलं वर्तुळ इकडं सरकायचं, दुसरा पिळला की तिकडं. अकराव्या दिवशी सगळी वर्तुळं एकात एक बसली आणि बरोब्बर मधोमध त्याला स्वतःचा डोळा दिसला. त्या सांजेला त्यानं मास्तरांना बोलावलं. शनीचं कडं असं लख्ख दिसलं की मास्तरांनी नळीवरचा डोळा काढलाच नाही.

आठ दिवसांनी नागपूरचे बडे साहेब दुर्बीण पाहायला यायचे होते, तेव्हा मास्तरांनी मुखरूला बाजूला घेतलं.

"आरसे मीच जुळवले म्हणून सांगीन. तू मधात तोंड घालू नको. पाहुण्यायच्या पाण्याचं पाह्य."

"जी," मुखरू म्हणाला. पण दुर्बीण मैदानात मांडताना त्याच्या अंगाची लाही झाली. त्यानं दोन स्क्रू कचाकच पिळले. किती फेरे दिले, तेही मोजलं नाही. होऊ दे मास्तराची फजिती!

साहेबांनी डोळा लावला. "वा! फारच छान!" म्हणाले, मास्तरांची पाठ थोपटली आणि जेवायला गेले.

मग गावकऱ्यांची रांग लागली. जो तो साहेबांसारखाच "वा" म्हणून पुढं सरकत होता. रांगेत मुखरूची माय शकुबाईही होती. ढिवरांची मासे धरायची जाळी विणून तिनं पोराला शिकवलं होतं, आणि अजूनही विणत होती. तिनं डोळा लावला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"मुखरू, मले त नुसता धूर दिसून राह्यला रे."

अंधारात, एवढ्या लोकांसमोर, आरसा जुळणार नव्हता. घरी जाताना तो म्हणाला, "माय, तुये डोये चांगले हायेत. दुर्बीणच बिघडली होती."

"मंग साऱ्यायले कसं दिसलं?"

"मीच बिघडवली, माय."

"मले बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलू."

दुसऱ्या दिवशी अख्खी दुपार खपून त्यानं आरसा जुळवला आणि तिला न्यायला घरी आला. शकुबाईनं जाळ्यांचं सगळं सूत शेजारच्या रुखमाबाईला देऊन टाकलं होतं.

"दिसत नाई, त लोकायच्या जाळ्यात भोकं ठिवू का?" ती म्हणाली, आणि जागची उठली नाही.