वोल्फ्सबुर्गमध्ये सांडलेलं ग्रीक रक्त

पैज लावतो, तुमचा विश्वास बसणार नाही: दोन हजार पंधराच्या संक्रांतीला जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग या मोटारींच्या कारखान्याच्या गावी, एका भाड्याच्या हॉलमध्ये ग्रीक सैनिकांचं रक्त वाहिलं. तेही आपल्या मराठी बायकांच्या बोटांतून!

हळदीकुंकू नुकतंच आटोपलं होतं. ड्युसेलडॉर्फहून आलेले हृषिकेशगुरू काचेचं भांडं फिरवत होते. "हे ग्रीसमधल्या ल्युक्ट्राच्या रणभूमीतलं पाणी! तिथे थीब्ज शहराच्या फौजेनं डाव्या बगलेला पन्नास रांगा एकामागे एक उभ्या केल्या आणि अजिंक्य स्पार्टाला लोळवलं. मागच्या जन्मी तिथे पडलेल्यांची जखम या पाण्यात उघडते."

दीनानाथांच्या सुनेनं, शैलानं, बोटं बुडवली. लालभडक! हॉलभर इंजिनियरांनी हात जोडले.

"तुझी आकडी हा आजार नव्हे, बाळ. थीब्जचा भाला रुतलाय डोक्यात. गोळ्या बंद कर, भाला मी काढतो."

शैलानं पर्समधलं गोळ्यांचं पाकीट त्यांच्या पायाशी ठेवलं.

दीनानाथ ताडकन उठले. "अरे शशिकांत, बायको आहे ना तुझी? एकही गोळी चुकवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय! आणि पुरुषांची बोटं का लाल होत नाहीत, विचार की!"

"बाबा, पुरुषांचे भोग फिटलेत. गुरुजी म्हणाले ना? गेनाऊ तेच कारण."

गेनाऊ म्हणे, अगदी तंतोतंत! ऑफिसात साध्या ब्रेकचीही दहादा चाचणी घेणारा पोरगा हा! म्हाताऱ्याचं डोकंच फिरलं. शहाणपण कोणी ऐकत नाही, तर थापच मारू. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळ्यांदेखत त्यांनी करंड्यातल्या हळदीत बोट खुपसलं, मग पाण्यात. लाल!

"मीही होतो ल्युक्ट्राला! स्पार्टाच्या राजाशेजारी!"

"अगंबाई, काका!" म्हणत हळदीकुंकवाला आलेल्या अरुंधतीबाई चक्क पाया पडल्या.

दीनानाथांनी कपाळाला हात लावला. हेही पटलं? मग घ्या! "राजाला म्हटलं, उपाशीपोटी लढू नका, थोडी साबुदाण्याची खिचडी तरी..."

"अहो बाबा, काहीतरीच काय!" शैला ओरडली. "ग्रीसमध्ये कुठला आलाय साबुदाणा? आणि आत्ता हळदीत बोट घातलंत तुम्ही. मी बघितलं!"

"शाब्बास! मग तुझ्या बोटांना काय आहे?"

शैलानं हात पाहिला. तासभर ती सगळ्यांना हळदच लावत होती.

"साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं गं?"

"लाल होतो की," अरुंधतीबाई पुटपुटल्या.

"तेच हे रक्त! पाण्यात धुण्याचा सोडा आहे, दुसरं काही नाही. माझी थाप पकडलीत, तशी यांचीही पकडा. आधी विचारा, मग हात जोडायचे का ते ठरवा."

गुरू घाईघाईनं भांडं झाकू लागले. शैलानं वाकून त्यांच्या पायाजवळचं पाकीट उचललं.

"गुरुजी," साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझ्या डोक्यात भाला नाही. तुम्ही खोटं बोलताय."