टोपलीखालचा माणूस

ताडाच्या पानांची टोपली मी घरात येऊ देत नाही. नातसुना म्हणतात, म्हातारी चळली. म्हणोत बापड्या. त्या पानांची सळसळ ऐकली की मेलेला अन्सेल्मो शेजारी येऊन उभा राहतो. 

महायुद्धाच्या शेवटी जपानी मनिलाकडे हरायला लागले, तसे आमच्या गावात जास्तच चवताळले. एका सकाळी सगळ्या गावाला त्यांनी चर्चमध्ये कोंडलं. डोंगरातल्या बंडखोरांना तांदूळ कोण पोचवतं, ते त्यांना हवं होतं. पोचवत होते माझा नवरा अन्सेल्मो आणि माझा भाऊ कादियो. पुरुषांना रांगेत उभं केलं आणि एकाला आत आणलं. डोक्यावर टोपली उलटी, डोळ्यांपुरती दोन भोकं. गावातलाच कुणी घरभेदी. तो ज्याच्यापुढे मान हलवी, त्याला मागच्या दाराने नेत. मग गोळीचा आवाज येई.

आम्ही बायका भिंतीकडेला. होते नव्हते तेवढ्या संतांना मी नवस बोलून टाकले.

टोपली कादियोपुढे थांबली आणि मान न हलवता निघाली. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच कादियोची पाच वर्षांची पोर तिनांग माझ्या मांडीवरून उठून धावली. आमच्याकडे वडीलधारं माणूस दिसलं की पोरं त्याचा हात आपल्या कपाळाला लावतात. बोलायच्या आधी हे शिकतात. तिनं टोपलीवाल्याचा हात कपाळाला लावला.

"आशीर्वाद द्या, निनोंग."

निनोंग म्हणजे धर्मपिता, तिला बाप्तिस्म्याला हातांवर घेतलेला एउसेबियो सुतार. त्याची दोन बोटं करवतीनं गेलेली. आम्ही मोठी माणसं टोपलीकडे बघत बसलो. पोरीनं हात बघितला.

जपानी अधिकारी हसला. मग हसू आवरून त्यानं पोरीकडे बघितलं, कादियोकडे बघितलं. टोपली एक पाऊल सरकली, अन्सेल्मोपुढे, आणि हलली.

जाताना अन्सेल्मोनं मला शोधलं म्हणे. मी पोरीला ओढून तिचं तोंड दाबत होते. वर बघितलं तेव्हा दारात त्याची पाठ होती.

जपानी गेल्यावर डोंगरातल्या पोरांनी एउसेबियोला पकडून आंब्याला बांधला. विधवा म्हणून मला बोलावलं, त्याचं काय करायचं ते तू सांग म्हणाले. मी कोयता घेऊनच गेले.

"माझ्या नवऱ्यानं तुझं काय घोडं मारलं होतं रे मेल्या?"

"काही नाही, ताई. मी दोघांनाही सोडणार होतो. पोरीनं हात धरला, मी आपली माणसं वाचवतोय असा साहेबाला संशय आला. मग कुणाला तरी द्यावंच लागलं. तिच्या बापाला कसा देऊ?"

"म्हणून अन्सेल्मो?"

"तो शेजारी उभा होता."

मागे कुणीतरी माझा झगा धरला. तिनांग होती, कधी मागोमाग आली कोण जाणे. "आत्या, मी हात धरला म्हणून?"

एउसेबियो तिच्याकडे बघून पुन्हा तोंड उघडायला लागला.

"खोटं बोलतोय हा," मी म्हटलं. "मारून टाका." आणि पोरीला कडेवर घेऊन निघाले.

नवऱ्याचा सूड घेतला म्हणून गाव अजून माझं नाव काढतं. काढू दे. सूडबीड कसला? पोरीपुढे त्याचं तोंड बंद करायचं होतं मला.