देवापुढचं पेन

सलोनीच्या परीक्षेत मी पेशंट होतो. हे मी कंपनीत सांगितलं आणि सगळी लाइन हसायला लागली. सलोनी माझी मुलगी. रावेतला एका वंध्यत्व उपचार केंद्रात नर्स आहे. मूल होत नाही म्हणून तिथे जोडपी येतात.

"मधुकाका, या वयात?" रविराज म्हणाला. "पेढे कधी?"

"परवा," मी म्हणालो. "तुला दोन जास्त."

मला राग आला नाही. बऱ्याच महिन्यांनी मला कशाची तरी घाई झाली होती. इंजेक्शन पोटात घ्यायचं एवढं कळलं होतं, म्हणून चाकणहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्येसुद्धा मी पोटाची कातडी चिमटीत धरून बघत होतो. शेजारच्याने विचारलं, दुखतंय का?

सलोनीने नोकरी सांभाळून वर्षभर कोर्स केला होता. त्यात पास झाली की तिला केंद्रात स्वतःची खोली मिळणार होती. त्या खोलीत जोडप्याला समोर बसवून एकटीने सगळं समजावायचं. इंजेक्शनं कशी घ्यायची, सोनोग्राफीला कधी यायचं, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा. आणि इतकं करूनही निकाल 'नाही' असा आला, तर तो फोनही तिनेच करायचा. नापास झाली तर पुढच्या बॅचपर्यंत थांबायचं आणि तोवर दुसऱ्यांच्या हाताखालीच काम करायचं.

"टोचायला काय, मी टोचीन," ती म्हणायची. "पण बाई घरी जाते पप्पा. तिथे मी नसते. तिला स्वतःच्या हाताने जमलं पाहिजे."

या कोर्सचा नाद तिच्या आईने लावला. शैला आजारी होती तेव्हाही सलोनीला विचारायची, फॉर्म भरलास का? फॉर्म भरला आणि पहिला वर्ग सुरू व्हायच्या आत शैला गेली. म्हणून ही परीक्षा माझीही होती. तसं मी कोणाला बोललो नाही.

परीक्षेची पद्धत अशी होती. जन्मात कधी इंजेक्शन हातात न धरलेलं माणूस आणायचं. पहिल्या दिवशी परीक्षकांसमोर त्याला शिकवायचं. सरावाचं पेन देऊन घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन सगळं स्वतः करून दाखवायचं. पेन म्हणजे लिहायचं नाही, औषधाचं. दिसायला तसंच, पुढे बारीक सुई. आमच्या पेनात नुसतं पाणी होतं, पण सगळं खऱ्यासारखं वागवायचं असं बजावलं होतं.

परीक्षक इंदुताई म्हणून होत्या. केंद्रातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. चष्म्यावरून बघायच्या आणि बोलायच्या कमी.

सलोनीने मला छान शिकवलं. हात धुवा, सुई लावा, आकडा फिरवा, बेंबीपासून दोन बोटं सोडा, कातडी चिमटीत धरा, दाबा, जरा थांबा, मग काढा. माझ्या पोटावर फोमची गादी बांधली होती.

"पेन फ्रीजमध्ये ठेवायचं, पप्पा. दारात नाही, आतल्या कप्प्यात. बर्फाच्या खणात तर अजिबात नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

कंपनीत नवीन मशीन आलं की ट्रेनर असंच विचारतो आणि आम्ही असंच सांगतो. समजलं म्हटलं की चहा मिळतो.

त्या रात्री घरी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून सलोनी मैत्रिणीकडे राहायला गेली. मी आकुर्डीला घरी आलो. पिशवीतून पेनाची डबी काढली आणि पाय आपोआप देव्हाऱ्याकडे गेले. आमच्या घरात नवीन वस्तू आली की आधी देवापुढे. शैलाची रीत. माझं हेल्मेट, सलोनीचा पहिला युनिफॉर्म, मिक्सर, सगळं एक रात्र तिथे बसलेलं आहे. मिक्सरला तर तिने कुंकूही लावलं होतं. मला मंत्र येत नाहीत. शैला दिवा लावायची म्हणून मी लावतो. मी पेन ठेवलं, समई लावली, म्हणालो, पोरीला पास कर. फ्रीजमध्ये सकाळी ठेवू.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतला शर्ट घालून गेलो. बाकावर गोजाबाई बसल्या होत्या. रावेत गावातल्याच. त्यांची भाची करिष्माही परीक्षेला होती.

"जमलं का वो तुमाला?" त्यांनी विचारलं.

"झोपेतसुद्धा जमेल."

"आमी तर भोपळ्यावर करून बघितलं. आता भाजी करावी का न्हाई, त्येच कळंना."

माझं नाव आलं. आत इंदुताई, सलोनी आणि भिंतीला लागून बाकीच्या मुली. मी हात धुतले. सुई लावली. आकडा बरोबर फिरवला. चिमटी, दाब, थांबणं, काढणं. सुई झाकणाच्या डब्यात टाकली. एक चूक नाही. सलोनीचे कान लाल झाले होते. लहानपणी बक्षीस मिळालं की व्हायचे तसे.

"उत्तम," इंदुताई म्हणाल्या. "काल घरी गेल्यावर पेन कुठे ठेवलंत?"

"देवापुढे," मी म्हणालो. अगदी छाती काढून.

भिंतीजवळच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"दिवा लावला होता?"

"समई. रात्रभर तेवली."

इंदुताईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे खरं असतं तर औषध वाया गेलं असतं. आणि ते त्या बाईला कळलंही नसतं. ती रोज टोचून घेत राहिली असती." त्या सलोनीकडे वळल्या. "काय करणार?"

मी म्हणालो, "हिने सांगितलं होतं हो! मीच..."

"पप्पा, थांबा," सलोनी म्हणाली. मला वाटलं आता रडणार. पण ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मी तिचा बाप नाही, खरंच कोणीतरी पेशंट आहे, अशी.

"देवापुढे ठेवावंसं का वाटलं?"

"नवीन वस्तू आली की तुझी आई ठेवायची ना."

"बरोबरच हाय की," दारातून गोजाबाई. त्या कधी आत आल्या कोणाला कळलं नाही. "येवढी मोलाची चीज. आदी देवाला नगं का दावाया? आमच्यात बी त्येच."

"मावशी, बाहेर," इंदुताई म्हणाल्या, पण हसल्या.

सलोनी इंदुताईंना म्हणाली, "सिस्टर, मी फ्रीज सांगितला. पण यांच्या घरात नवी वस्तू आधी कुठे जाते, ते विचारलं नाही. माझ्याच घरात असून विचारलं नाही. परत शिकवू?"

"शिकवा."

तिने पेन डबीतून काढून माझ्या एका हातात दिलं आणि रिकामी डबी दुसऱ्या हातात.

"घरी पोचलात. आधी पेन फ्रीजमध्ये, आतल्या कप्प्यात. मग ही डबी देवापुढे. हिला कुंकू लावा, दिवा लावा, काही होत नाही. देवाला डबी पोचते. आता मला सांगा, काय करणार?"

तिने 'समजलं का' विचारलं नाही. मला सांगायला लावलं. मी सांगितलं. मग उठून करूनही दाखवलं. कोपऱ्यातलं कपाट फ्रीज, टेबल देव्हारा. टेबलापुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

इंदुताईंनी वही उघडली. "हे मी आमच्या नेहमीच्या प्रश्नांत घालते आहे. पेन नेण्याआधी विचारायचं, घरात नवी वस्तू आली की कुठे ठेवता." मग सलोनीला म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर जास्त मार्क दिले असते. सोमवारपासून डावीकडची खोली तुमची. खिडकी नीट लागत नाही, दुरुस्तीला सांगून ठेवा."

मी टाळी वाजवली. एकट्यानेच. मग बाहेरून गोजाबाईंनी वाजवली.

येताना पेढे घेतले, रविराजचे दोन जास्त. घरी सलोनीने डबीतून नवा बिल्ला काढून दाखवला, तिचं नाव आणि खाली नवं पद. मी तो घेऊन देव्हाऱ्याकडे निघालो.

"पप्पा!" ती मागून ओरडली. "तो मला सकाळी लागतो. डबी ठेवा, डबी!"

मी डबी ठेवली. कुंकू लावलं. शैलाच्या फोटोपुढे मात्र बिल्ला घेऊनच उभा राहिलो, आणि त्यावरचं मोठ्याने वाचून दाखवलं.