लाल झालेलं हळदीचं पाणी

शहागडला महामार्गालगतच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आदिनाथ महाराजांनी हळदीच्या पाण्याचं ताट उषामावशीच्या पोटापुढे धरलं, चिमूटभर अंगारा टाकला आणि पिवळं पाणी लाल झालं.

"पाहा, पोटातला जाळ पाण्यात उतरला. डॉक्टरनं पोट कापलं, पण अग्नी कापता येतो का?"

मग त्यांनी लिंबू पिळलं. पाणी फसफसलं आणि पुन्हा पिवळं झालं. अग्नी शांत. मावशीने अंगारा पाण्यातून घेतला, मोठी ढेकर दिली. गर्दीने हात जोडले.

मी मागे उभी होते. वजन कमी करायला आई आणि मावशी, दोघी बहिणींनी ऑपरेशन करून जठर लहान करून घेतलं होतं. वजन उतरलं, छातीत जळजळ सुरू झाली. आईने गोळ्या सोडून हाच अंगारा धरला. मी पुण्यात, फोनवर ती "आराम आहे" एवढंच सांगायची. मग अन्ननलिकेतली जखम फुटली, रक्ताची उलटी झाली. दवाखान्यातून ती परतली नाही. माझं म्हणावं असं माणूस आता मावशीच.

परवा आईच्या साड्या धुतल्या. पदरावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला आणि डाग लाल झाला. भिजलेला पदर हातात धरून मी बराच वेळ बसले होते.

आता मंडपातल्या नळावरचा साबण मी उचलला आणि पुढच्या माणसासाठी भरलेल्या हळदीच्या ताटात बुडवला. पाणी लाल झालं.

"महाराज, हा कोणाच्या पोटातला अग्नी?"

माझ्या हाताने पाणी बाटलं, असं ते म्हणाले. पण पुढची एक बाई शेजारणीला सांगत होती, "लग्नातलं हळदीचं लुगडं धुताना असंच व्हतं की." कोणी हसलं. रांगेतून मात्र फारसं कोणी हललं नाही.

बाहेर मावशी रागावली. "पाण्याचं राहू दे. मला आराम पडून राह्यला, ते काय खोटं हाय?"

खोटं नव्हतं. हळद लाल करतो, लिंबाने फसफसतो, ढेकर आणतो तो अंगाऱ्यात मिसळलेला खायचा सोडा. तो आम्ल थोडा वेळ मारतो. पण या ऑपरेशनने जठर अरुंद नळीसारखं होतं, आतला दाब वाढतो, आम्ल पुन्हा वर चढतं आणि जखम वाढत राहते. म्हणून रोजची गोळी, दुर्बिणीने तपासणी, आणि त्यानेही भागलं नाही तर दुसरं ऑपरेशन. हे सगळं मी सांगितलं. ती तोंड फिरवून उभी होती.

"आईलाही आराम पडत होता, मावशी."

ती माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "गोळी जेवायच्या आधी घ्यायची का मंग?"

"आधी. आणि उद्या दोघी डॉक्टरांकडे जाऊ."

आराम पडला, तर तो कशाने पडला हे जरूर विचारा. ज्याला हा प्रश्न खपत नाही, त्याच्या हातचं औषध घेऊ नका.