हातातल्या चपला

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या भिंतीवर समुद्राकाठी उभ्या असलेल्या बाईचं चित्र आहे. पाठमोरी बाई, हातात चपलांचा जोड, पुढे नुसतं करडं पाणी. त्याच्यासमोर खुर्च्यांची रांग आणि रांगेमागे माझं काउंटर. बसून बसून कंटाळले की नातेवाईक त्या बाईच्या मागे लागतात. कुणाला ती वाट बघताना दिसते, कुणाला गेलेल्याला निरोप देताना. एक प्राध्यापक तर करडा रंग म्हणजे काय, क्षितिज म्हणजे काय, असं तासभर बायकोला सांगत होते. शेवटी मी म्हटलं, "अहो, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नका. पाय भिजवायचेत म्हणून बाईनं चपला काढल्यात."

आज मी काउंटर सोडून खुर्चीत बसले होते. आत ताईच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, वेणी घालताना केस ओढून ओढून. आत जाताना तिनं पायातल्या चपला माझ्या हातात दिल्या.

"नव्या आहेत. इथं कुणीही ढापेल. सांभाळ."

"ताई, मी इथंच नोकरी करते."

"म्हणूनच सांगतेय."

मला हसू आलं नाही. दात काढण्याआधी गाल बधिर होतो ना, तशी सकाळपासून सगळीच बधिर झाले होते. समोर आणून ठेवलेला चहा गार झाला. भीतीसुद्धा वाटत नव्हती, आणि त्याचीच लाज वाटत होती.

डॉक्टर बाहेर आले. नातेवाइकांशी ते नेहमी उभ्यानंच बोलतात. आज माझ्या शेजारी बसले.

"हृदय पुन्हा सुरूच झालं नाही," ते म्हणाले.

मी "बरं" म्हटलं.

ते गेल्यावर मी समोर बघत राहिले. काउंटरवरून चित्राचा खालचा भाग बसलेल्यांच्या डोक्यांमागे जातो. जाता-येता चित्राकडे बघायला मला कुठला वेळ? आता दिसलं. झग्याच्या घोळाखाली बाईचे पाय होते आणि पायांत चपला होत्या. हातातला जोड तिचा नव्हताच.

शेजारच्या खुर्चीत एक आजी येऊन बसल्या. त्याही चित्राकडे बघायला लागल्या.

"कुणाची तरी वाट बघतेय वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "चपला सांभाळतेय."