तरंगणारं धान

मूल गावाजवळच्या त्या खेड्यात चावडीपुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. गुरं पटापट मरत होती आणि लटारू महाराज आज चेटकीण शोधून देणार होते. मधोमध पाण्यानं भरलेली परात. ज्या घरचं धान तरंगेल त्या घरची बाई चेटकीण. तिला आजच जंगलात हाकलायचं, असं ठरलेलं.

"मायबापहो, मानूस खोटं बोलते, धान बोलत नाई," महाराज डोळे फिरवत म्हणाले. दर वाक्याला एक ढेकर, आणि दर ढेकरीला देवी बोलली म्हणे!

घरोघरून आणलेली धानाची एकेक पुडी उघडून महाराज चिमटीनं दाणा सोडत होते. सगळ्यांचे बुडाले. मुखरूच्या घरचा तेवढा तरंगला.

त्याची बायको कमळा थिजली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, तर मुखरू तिच्यापासून बाजूला सरकला. सरकता सरकताच त्याला स्वतःची लाज वाटली, पण तो परत तिच्याजवळ गेला नाही.

शाळेचे गुणवंतराव गुरुजी पुढं आले. "महाराज, याच पुडीतला दुसरा दाणा टाका." टाकला, तोही तरंगला. मग गुरुजींनी पाठ फिरवून दोन पुड्या हाताळल्या आणि एकेक महाराजांपुढं धरली. "ही मुखरूची." दाणा तरंगला. "ही बापूजी पाटलांची." बुडाला.

"मी अदलाबदल केली होती," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तरंगलं ते पाटलांचं धान. म्हणजे खोट धानात नाही. आता फक्त हात बदलू. मुखरू, तू टाक."

मुखरूनं दोन्ही पुड्यांतले दाणे टाकले. सगळे तळाशी गेले.

"मग उरला महाराजांचा हात. जरा उघडा बरं."

महाराजांची ढेकर घशातच अडकली. बोटांच्या बेचक्यात पोचट धान दडवलेलं होतं.

"काय झालं, कसं झालं, तुमच्यासमोर आहे," गुरुजी म्हणाले. "कोणीही घरी करून पाहा. पाहिल्याशिवाय मानू नका, एवढंच मागणं."

मुखरूनं तरंगलेला दाणा चावला. नुसतं टरफल. दरसाल पेरणीआधी तो बियाणं पाण्यात टाकून पोचट वर आलं की काढून टाकायचा. सारा गाव तेच करायचा. पोचट तरंगतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तरी एका बाईचा संसार त्यावर तोलायला सगळे जमले होते. अक्कल गहाण टाकली होती गावानं. मुखरूला मान वर करवेना.

"चाल कमळा, घरी जाऊ," तो कसाबसा म्हणाला.

कमळा हलली नाही. "माहा दाना बुडाला म्हून नेता का? खरंच तरंगला असता, त मी चेटकीन झाली असती का?"

परातीत पाणी ओतायच्या आधी गावानं हेच विचारायला हवं होतं. मुखरूनं तर सगळ्यांच्या आधी.