आधी उचलायचं

"अरे शिडी, पडलाय तर पडू दे ना त्याला," कोच बाकावरून ओरडला.

दादा तोवर खाली वाकला होता. आपल्या धक्क्याने आडव्या झालेल्या पोराला त्याने बगलेत हात घालून उभं केलं, त्याची पाठ झटकली, "लागलं का रे?" म्हणून विचारलं. तेवढ्यात समोरच्यांनी आरामात बास्केट केली. उचललेल्या पोराने टाळ्या वाजवल्या.

दादा पावणेसात फूट. सगळे त्याला शिडी म्हणत. काचसामानाच्या गोदामात तो सगळ्यात वरच्या फळीवरचे खोके नुसता हात लांबवून काढायचा, आणि आजवर त्याच्या हातून एक पेला फुटला नव्हता. बास्केटबॉलमध्ये नेमकी हीच अडचण होती. क्लबाने उंचीकडे बघून त्याला एका मोसमापुरतं घेतलं होतं. आज शेवटचा सामना. संपल्यावर एकतर करार, नाहीतर पुन्हा पेले.

पहिल्या रांगेत निवडीचे साहेब होते. त्यांच्या मागे मी आणि आई.

"नुसतं कपाट आहे हो," साहेब शेजाऱ्याला म्हणाले. "एवढं चार माणसं लावून घरात आणलं, उघडून बघावं तर आत काही नाही."

"मोठ्याबद्दल बोलतायत?" आईने मला विचारलं.

"कपाटाबद्दल."

मुळात ही उचलायची सवय तिनेच लावलेली. दादा आठ वर्षांचा असताना चौदाचा दिसायचा. कुणाचंही पोर स्वतःच्या पायात पाय अडकून पडलं तरी तक्रार आमच्या दारात. एकदा तर तो तापाने अंथरुणात असताना त्याने म्हणे मैदानावर कुणालातरी पाडलं होतं. शेवटी आईने नियमच केला. "कुणी पडलं की आधी उचलायचं, मग बाकीचं. तू मोठा दिसतोस, तुझं कुणी खरं मानणार नाही."

पुढे तिचे गुडघे गेले, तेव्हा नियम तिलाही उपयोगी पडला. ती दिवसभर जमिनीवर बसून शिवलेल्या कपड्यांचे उरलेले धागे कापते. उठायचं झालं की नुसता हात वर करायची. दादा यायचा आणि तिला उभी करायचा. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, घरात होती.

शेवटचं मिनिट, दोन्ही संघ बरोबरीत. दादा चेंडूसाठी उडाला, त्याचं कोपर फिरलं आणि समोरच्यांचा एक किडकिडीत पोरगा मागच्या मागे मानेवर आदळला. शिट्टी वाजली नाही. चेंडू दादाच्या हातात होता. दादा वाकायला लागला.

"मोठ्या, उचलू नकोस," आई उभी राहून ओरडली. कशी उभी राहिली कोण जाणे. "जा पुढे."

दादाने आईचं कधी मोडलं नव्हतं. त्याने पोरावरून टांग टाकली, पाय लागू नये म्हणून जरा जास्तच लांब, आणि जाऊन बास्केट केली. सामना संपला.

"निघालं बुवा कपाटात काहीतरी," साहेब म्हणाले. कोचने दादाला मिठी मारली, ती छातीखालीच संपली. बाजूच्या दारातून स्ट्रेचर चाललं होतं. दादा तिकडे निघाला, पण फोटोवाल्याने अडवलं. "जरा वाका ना, डोकं बाहेर जातंय."

दादा वाकला.

संध्याकाळी कोचचा फोन आला. करार पक्का. मग ठेवता ठेवता म्हणाला, तो पोरगा शुद्धीवर आलाय, पण त्याचे पाय हलत नाहीयेत. "तू मनावर घेऊ नकोस. खेळात चालायचंच."

दादाने आईला दोन्ही बातम्या त्याच क्रमाने सांगितल्या. आई धागे कापत राहिली. मी म्हणायला काहीतरी विनोदी शोधत होतो.

ढीग संपला. आईने कात्री ठेवली, मांडीवरचे धागे झटकले. दादा येऊन तिच्यासमोर वाकला, हात पुढे करून.

आईने हात वर केला नाही. तिने टेबलाचा पाय धरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. मधे थांबून दम घेतला. उभी राहायला तिला फार वेळ लागला.

दादा तोवर तसाच वाकलेला होता.